दोन बाजूंचं दूध

मंगळवारी सकाळी माझ्या बहिणीनं तिच्या सासूच्या हातावर सहाण मारली. सासूची बोटं मोडली. नवऱ्यानं बहिणीला घराबाहेर काढलं. बाळ घरात राहिलं.

ती रिक्षानं आमच्या गारखेड्याच्या घरी आली तेव्हा मी कॉलेजला निघाले होते. मी तिथल्या ग्रंथालयात काम करते. फाटकाशी रिक्षा थांबली आणि आधी रिक्षावालाच उतरला. "आपा, इनको अंदर लेव," तो म्हणाला. "खून बंद नै होरा." तिच्या डाव्या कानाची पाळी फाटली होती, कुडं कुणीतरी ओढून काढलं होतं. गाऊनच्या खांद्यावर रक्त होतं आणि छातीवर दोन ओले गोल. पायांत चप्पल नव्हती. मी तिला धरायला गेले तर तिनं माझा हात झटकला.

"ताई, त्याची पाजायची वेळ होऊन गेली," ती म्हणाली. कानाबद्दल ती बोललीच नाही.

माझी बहीण माझ्याहून लहान. शाळेत खेळाची शिक्षिका होती, स्वतः खो-खो खेळलेली, मनगटं पुरुषासारखी. बोलायला फटकळ. मला ती 'ग्रंथपालबाई' म्हणायची आणि मी पुस्तकात डोकं घालून बसले की पाठीत धपाटा घालून 'खो' म्हणायची. आमची आई तिच्या लग्नाआधीच गेली. मी लग्न केलं नाही. घरात मी आणि बाबा. त्यामुळे पहिलं बाळंतपण असूनही ते माहेरी झालं नाही. "बाळंतिणीचं करायला तुमच्याकडे आहे कोण?" असं तिच्या सासूबाईंनी विचारलं, आणि ते काही चुकीचं नव्हतं. आम्हाला कुणालाच त्यातलं काही येत नव्हतं.

तिचं सासर हर्सूलला, जेलच्या पलीकडच्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर. सासरे संस्कृतचे शिक्षक होते, निवृत्त झालेले. त्यांच्या घराण्यात दोन पिढ्यांपूर्वी वैद्यकी होती आणि घरात तिचा मान अजून होता. बहिणीचा नवरा वाळूजच्या कंपनीत. सुशिक्षित, नीटनेटकं, मोठ्यानं न बोलणारं घर. लग्न ठरलं तेव्हा बाबांना याच गोष्टीचा आनंद झाला होता, की तिथं पुस्तकांची कपाटं आहेत.

बाळ पोट फाडून झालं. ती शुद्धीवर येईपर्यंत सासूबाईंनी त्याला मध चाटवला होता. मग कापसाच्या वातीनं गुळाचं पाणी. बाळ गोड पिऊन झोपायचं आणि छातीशी धरलं तरी ओढायचं नाही. तिच्या अंगावर पहिले दिवस जे येत होतं तो चीक होता, पिवळा आणि दाट. सासूबाईंच्या मते तो शिळा. पोटात महिनोन् महिने साठलेला, बाळाला बाधणारा, आधी पिळून काढायचा.

"गाईचा असता तर वेलची घालून खरवस केला असता," बहीण मला फोनवर म्हणाली. "माझा जास्वंदीच्या मुळाशी ओततात."

पिळून काढायचं काम न्हाऊ घालणाऱ्या बाईचं. मी एकदा डिंकाचे लाडू घेऊन गेले तेव्हा ते चाललं होतं. मी बाहेरच्या खोलीत सोफ्यावर बसले होते, सासरे समोर बातम्या बघत होते. आतून बहिणीचा आवाज आला. ती मैदानावर गुडघा फुटल्यावरही न रडणारी मुलगी. तो आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. सासऱ्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

मी उठून आत गेले. बहीण पाटावर बसलेली, पोटाच्या टाक्यांवर दोन्ही हात दाबून. सासूबाईंनी मागून तिचे खांदे धरले होते आणि ती बाई पुढं बसून दोन्ही अंगठ्यांनी तिचा डावा स्तन मुळापासून टोकाकडं रेटत होती, जशी आपण कणीक रेटतो तशी. कातडीवर अंगठ्यांचे लाल पट्टे उठले होते. खाली वाटीत पिवळं दूध आणि त्यात रक्ताचा दोरा.

"अहो, सोडा तिला," मी म्हणाले आणि त्या बाईचं मनगट धरलं.

"दुखतंयच बाई, व्हय," ती बाई मला म्हणाली. ती रागावली नव्हती. "आमालाबी दुखलं. लई गठुळं हाय आत. आज नाय काढलं तर उद्या फोड व्हईल."

सासूबाईंनी बहिणीचे खांदे सोडले, उठल्या आणि मला छातीवर तळहात लावून दाराबाहेर ढकललं. "तुमचं लग्न झालेलं नाही. तुम्हाला यातलं काय कळतंय?" त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. आतून पुन्हा आवाज आला. मी दारावर मुठी मारल्या. सासरे म्हणाले, "बसा हो. बायकांचं असतं ते."

पुढचं मला तिनंच सांगितलं. त्याच आठवड्यात सासऱ्यांनी दुधाची परीक्षा केली. जुन्या वैद्यकात ती सांगितलेली आहे म्हणे: आईचं दूध पाण्यात टाकावं, पाण्याशी एकजीव झालं तर शुद्ध; तंतू सुटले, तळाशी गेलं, वर तरंगलं तर दोष. सासरे बाळंतिणीच्या खोलीत येत नसत. त्यांनी चांदीची वाटी पाण्यानं भरून आत पाठवली आणि ती तिच्या थेंबांसकट बाहेर आली. खिडकीत उजेडाला धरून, चष्मा कपाळावर सारून त्यांनी ती पाहिली. नवरा पाहायला उभा होता. शेजारच्या काकूही होत्या.

थेंब तळाला गेला. जाताना त्याचा दोरा ओढला गेला.

"एकजीव होत नाही," सासरे म्हणाले. मग आतल्या दाराकडं तोंड करून, अगदी मायेनं, "तुझा दोष नाही हो बाळ. दुधाचा आहे."

सासूबाईंनी वाटीबाहेर राहिलेला थेंब बोटावर घेऊन चाखला. "खारट आहे," त्या म्हणाल्या.

आमच्या शहरात नळाला किती दिवसांनी पाणी येतं हे सांगायला नको. त्या आठवड्यात आलेलं नव्हतं. त्या वाटीतलं पाणी बोअरचं होतं, ज्यात डाळ शिजत नाही. बहीण हे सांगताना हसली होती. "ताई, माझं राहू दे. त्या पाण्यात गंगाजळ टाकलं असतं तरी दोष निघाला असता."

मग वरचं दूध सुरू झालं. डब्यातली पावडर, त्याच बोअरच्या पाण्यात, उकळून. अंगावरचं दिवसातून एकदा, तेही सासूबाई समोर बसल्या असतील तरच. ती न्हाणीघरात नळ सोडून चोरून पाजायची. नळाला पाणी नसेल त्या दिवशी साठवलेलं पाणी बादलीत मगानं ओतत राहायची, आवाज यावा म्हणून. बाटलीला सरावलेलं बाळ छातीशी चिडायचं, थोडं ओढायचं, सोडायचं. ते सोडलेलं सासूबाईंनी एकदा पाहिलं. "बघ. लेकराला कळतं, तुला कळत नाही," त्या म्हणाल्या.

त्या मंगळवारी सासूबाईंनी सहाणेवर काडेचिराईत उगाळलं. सहाण बाळाच्या घुटीची, तिच्यावर रोज मायफळ आणि वेखंड उगाळलं जायचं. चिराईत इतकं कडू की त्याचं बोट जिभेला लागलं तर दिवसभर तोंड कडू राहतं. मुलाला अंगावरून तोडायचं असलं की बायका त्याचा लेप लावतात, पण तो वर्षा-दीड वर्षाच्या मुलासाठी. हे मूल महिन्याचंही नव्हतं. ती पलंगावर कुशीवर होती. न्हाऊ घालणाऱ्या बाईनं तिचे हात डोक्यामागं धरले आणि सासूबाईंनी गाऊनची बटणं काढून लेप लावायला घेतला. डावा स्तन त्या वेळीच दगडासारखा झालेला होता. तिथं बोटं लागली आणि तिनं पाय झाडले. बाई मागं पडली. सहाण पलंगाच्या कडेला होती.

"मी डोक्यावर मारणार होते," बहीण मला म्हणाली. "मग हात दिसला. त्या हातावर मारली. दोनदा."

बाकीचं नवऱ्यानं केलं. केस धरून दारापर्यंत, मग जिना. कुडं कठड्याच्या लोखंडात अडकलं की त्याच्या हातात, हे तिला आठवत नव्हतं. शेजारच्या काकू दारात उभ्या होत्या. खालच्या पायरीवर तिला सोडून तो वर गेला आणि दार लावलं. दाराआड बाळ रडत होतं. ती पुन्हा वर गेली, दार बडवलं, लाथा घातल्या, त्या लाथांनी पायाचा अंगठा फुटला. दार उघडलं नाही. मग ती रस्त्यावर आली आणि पहिली दिसली त्या रिक्षात बसली.

त्यानंतर आमच्या घरी एकच गोष्ट होती: बाळ परत येईपर्यंत दूध टिकवायचं. तिला दुसरं काही नको होतं. सासरची माफी नको होती, नवरा नको होता. ती म्हणाली, "तो येईल तेव्हा माझ्या अंगावर दूध पाहिजे. एवढंच बघ, ताई."

आम्ही पोलिसांकडं गेलो. साहेब शांतपणे बोलले. सासूच्या हाताचा एक्स-रे त्यांच्या टेबलावर आधीच होता. "मॅडम, बाळाचं कोर्ट देईल तुम्हाला, नक्की देईल. पण तुमची तक्रार घेतली की त्यांचीही घ्यावी लागते. हाड मोडलंय. तुम्ही आत बसाल तर बाळ कुणाकडं द्यायचं?" बाहेर बाकावर बसलेली महिला शिपाई बहिणीला हळूच म्हणाली, "जोरात हाणलं की ओ तुम्ही." तिच्या आवाजात कौतुक होतं. वकिलानंही तेच सांगितलं, बाळ तुमचंच, पण तारीख मिळायला वेळ लागेल.

मी मेडिकलमधून हातानं दाबायचा पंप आणला. ती सकाळी, दुपारी, संध्याकाळी दार लावून बसायची. उजवीकडचं सहज यायचं. डावीकडचं यायचं नाही, आणि आलं तर तिच्या दातांचा आवाज बाहेर यायचा. डॉक्टरणीकडं नेलं तेव्हा तिनं स्तन तपासून सांगितलं, दूध साकळलंय, औषध देते, रिकामं करत राहा, गरम-गार शेक द्या, कोबीची पानं लावा. आणि जाता जाता, चांगल्या मनानं, "बाळ जवळ नसेल तर कशाला हाल? एक गोळी देते, दूध बंद होऊन जाईल."

त्या एका वाक्यानं पुढचं सगळं झालं. बहिणीनं पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढली नाही.

कोबीची पानं मात्र ती लावायची. "ग्रंथपालबाई, मी भाजीवाली झाले," ती म्हणायची.

पंपाचं दूध बाबा थर्मासमध्ये बर्फ भरून हर्सूलला न्यायचे. बाबा जिल्हा परिषदेत कारकून होते. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाला अरे म्हटलेलं नाही. पहिल्या दिवशी दार उघडलंच नाही. दुसऱ्या खेपेला मी बरोबर गेले. जावई बाहेर आला. बाबांनी थर्मास पुढं केला. "उजव्या बाजूचं आहे. चांगलं आहे. दवाखान्यात दाखवलंय," ते म्हणाले.

जावयानं झाकण उघडलं आणि दूध जिन्यावर ओतलं. पायरीपायरीनं ते खाली आलं. "हात मोडायला दम होता," तो म्हणाला, "आता दूध पाजायला निघाली."

बाबा थर्मास परत घ्यायला वाकले. त्यानं त्यांना ढकललं. बाबा दुधावरून घसरले आणि पाठीवर पडत खालच्या वळणापर्यंत गेले. तोंड कठड्यावर आपटून त्यांचा पुढचा दात पडला. मी जावयाच्या अंगावर गेले, त्याच्या गालावर नखं ओढली; त्यानं माझं मनगट पिरगळून मला भिंतीवर आदळलं. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणावर हात उचलला होता आणि मला तो नीट उचलताही येत नव्हता. वरून सासऱ्यांचा आवाज आला, "अरे, सोसायटी आहे ही!" दाराच्या फटीतून बाळाचं रडणं येत होतं. ते बाबांनीही ऐकलं. खाली पडल्या पडल्या ते म्हणाले, "आवाज बसलाय त्याचा."

घरी आल्यावर बाबांचं तोंड बघून बहिणीनं भिंतीवर डोकं आपटायला सुरुवात केली. मी मधे हात घातला. माझ्या हाताच्या पाठीवर तिचं कपाळ तीनचारदा बसलं, मग ती थांबली.

मे महिना होता. घरात पंखा गरम वारा फेकत होता आणि ती गच्चीवर भर उन्हात जाऊन बसायची. मला वाटायचं तिला एकटीला बसायचं असेल. तिला थंडी वाजत होती. तापाच्या गोळ्या ती मी जवळ नसताना आधीच घ्यायची, म्हणून कपाळाला हात लावला की गार लागायचं. दवाखान्याचं नाव काढलं की, "दूध बंद करतील. नाही जायचं." छाती ती मला दाखवत नव्हती.

एका दुपारी तिनं मला हाक मारली. पलंगावर दोन वाट्या ठेवल्या होत्या, पंपानं काढलेलं दूध दोन्हींत. "चाखून बघ," ती म्हणाली.

मी तिच्याकडं बघत राहिले.

"अगं बघ की. तुला लहानपणी माझं उष्टं चालायचं. ही उजवी, ही डावी."

मी बोट बुडवलं. उजवीकडचं पातळ, कोमट, साखर विरघळलेल्या पाण्यासारखं गोड. डावीकडचं मिठाचं. थोडं नाही, अश्रू ओठावर आला की लागतो तितकं.

"हे बघ," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर मी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता तसा आनंद होता. "आई एकच, दूध दोन. म्हणजे दोष माझ्यात नाही. दोष असता तर दोन्हीकडं असता. ज्या बाजूला तिनं पिळलं, ज्या बाजूला बाळ धरूच दिलं नाही, ती बाजू खारट झाली. उजवी बघ. न्हाणीघरात मी त्याला उजवीकडंच घ्यायचे." तिनं उजवी वाटी उचलली आणि एका घोटात पिऊन टाकली. "सांग त्यांना. तुझ्या पुस्तकात शोध आणि सांग."

मी शोधलं. कॉलेजच्या ग्रंथालयात गृहविज्ञानाची कपाटं आहेत, आणि संगणकावर बाकीचं सगळं आहे. तिनं दोन वाट्यांवरून जे ओळखलं होतं ते तसंच लिहिलेलं होतं. पहिले दिवस सगळ्या आयांचं दूध दाट आणि खारट असतं. बाळ ओढत राहिलं की मीठ उतरतं, साखर चढते, दूध पातळ आणि पुष्कळ होतं. बाळाला मध-पाणी पाजून त्याची भूक मारली, उशिरा आणि क्वचित धरलं, तर हा बदल लांबतो. दूध आत साचून राहिलं, सुजलं, की रक्तातलं मीठ पुन्हा त्यात झिरपू लागतं. वाटीत जे तळाला गेलं होतं ते त्या दिवशीचं कुठल्याही बाळंतिणीचं दूध होतं. दूध वाईट म्हणून पाजू दिलं नाही, आणि न पाजल्यानं ते तसंच राहिलं. मी ते वाचून कपाटांच्या मधल्या बोळात खाली बसले. एक मुलगी पुस्तक मागायला आली आणि मला बघून परत गेली.

त्याच संध्याकाळी जावई बाळ घेऊन आमच्या दारात उभा होता. बाळाला जुलाब लागले होते. टाळू आत गेली होती, पायांची कातडी सैल. बालरोगतज्ज्ञानं त्याला झापलं होतं: आई जिवंत आहे ना, मग अंगावरचं का नाही? सासूबाई बाहेर गाडीत होत्या, हात गळ्यात बांधलेला. तो कुणाकडंच न बघता म्हणाला, "ताई, पाजू दे तिला."

बहिणीनं बाळ त्याच्या हातातून अक्षरशः हिसकावलं. तिथंच खुर्चीत बसली. उजवीकडं लावलं. ते आधी चिडलं, डोकं मारत राहिलं, मग पान्हा फुटला आणि त्यानं धरलं. गिळण्याचा आवाज खोलीत ऐकू येत होता. बाबा तोंडावर रुमाल धरून उभे होते. उजवीकडचं संपलं, बाळ अजून मागत होतं. तिनं दात दाबून डावीकडं घेतलं. त्यानं एकदा ओढलं, तोंड सोडलं, पाठ ताणून किंचाळलं आणि मान फिरवली. ओठांच्या कडेला पिवळसर काहीतरी होतं.

जावयानं ते पाहिलं. "आई म्हणत होती ते खरंच होतं की," तो पुटपुटला.

"आणि आता इतका वेळ पीत होता," बहीण म्हणाली, "ते कुणाचं होतं? तुझ्या आईचं?"

त्याचा हात वर गेला. ती जागची हलली नाही. एका हातात बाळ, दुसऱ्या हातानं तिनं त्याचं मनगट वरच्या वर धरलं आणि इतकं आवळलं की तो खाली वाकला. ते मनगट तिनं सोडलं तेव्हा तिचा हात कापत होता. मग सगळीच कापायला लागली. मी बाळ घेतलं. ती खुर्चीतून पुढं फरशीवर कोसळली. गाऊन सरकला आणि मला डावी बाजू दिसली. काळपट, चकचकीत, काखेपर्यंत लाल रेघा गेलेल्या.

जावयाच्याच गाडीतून नेलं. मागच्या सीटवर तिचं डोकं माझ्या मांडीवर, पुढं सासूबाईंच्या डाव्या हातात बाळ.

डॉक्टरांनी फोड फाडला. पू किती निघाला ते नर्सनं सांगितलं नाही, फक्त हातमोजे बदलून पुन्हा आत गेली. विष रक्तात उतरलं होतं. रक्तदाब खाली जात राहिला. शुद्धीत होती तोवर तिनं डॉक्टरांना एकच विचारलं, इंजेक्शनांनी उजवीकडचं दूध जाईल का. डॉक्टर म्हणाले, नाही जाणार. ती म्हणाली, "मग चालेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी आम्हा सगळ्यांना एकत्रच सांगितलं. मार लागलेल्या जागी दूध साकळलं, जंतू शिरले, फार उशीर झाला. सासूबाई म्हणाल्या, "दूधच खारट होतं हो तिचं, पहिल्यापासून." डॉक्टर थकलेले होते. त्यांनी मी वाचलं होतं तेच दोनतीन वाक्यांत सांगितलं, आणि म्हणाले, "पाजलं असतं तर गोड झालं असतं."

सासरे विद्यार्थ्यासारखे ऐकत होते. "म्हणजे वाटीत जे दिसलं ते…" त्यांनी सुरुवात केली.

"कुठली वाटी?" डॉक्टरांनी विचारलं.

तेवढ्यात बाबांनी दवाखान्यात चहा आणलेला तोच थर्मास जावयाच्या तोंडावर मारला. मी आवाज ऐकला, मग पाहिलं. जावयाचं नाक फुटलं. तो भिंतीला टेकून उभा राहिला, हात वर केले नाहीत. बाबांनी पुन्हा मारला. सासूबाईंनी धड हातानं बाबांची कॉलर धरली आणि ओढू लागल्या, बाबा त्यांनाही फरफटत पुढं गेले, तिसऱ्यांदा मारला. थर्मासची काच आतल्या आत फुटली. पहारेकरी धावत आला आणि त्यानं बाबांना मागून कवळ घातली. बाबा ओरडत होते, शब्द नव्हते. माझ्या कडेवरचं बाळ त्या आवाजानं दचकून रडायला लागलं, आणि भुकेलंही होतं. नर्सनं वाटी-चमचा आणून दिला. मी कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून त्याला वरचं दूध पाजलं. समोर माणसं एकमेकांना सोडवत होती.

तक्रार कुणीच केली नाही. त्यांच्याकडं मोडलेली बोटं होती आणि फुटलेलं नाक, आमच्याकडं ती होती. वकील म्हणाला, आई नाही म्हटल्यावर बाप आहे. लढायचं तर लढू. बाबा म्हणाले, नको. मी वर्षभर नको म्हणू शकले नाही. मग मीही म्हणाले.

मुलगा हर्सूलला असतो. धष्टपुष्ट आहे, आजीच्या अंगाखांद्यावर वाढतो आणि आजोबांकडून श्लोक शिकतो. त्याची आजी त्याच्यावर जीव टाकते, हे मी डोळ्यांनी पाहते. रविवारी मी जाते; दार जावई उघडतो आणि आम्ही एकमेकांशी बोलत नाही. बाबा येत नाहीत. घरी आम्ही दोघं आहोत. मुलगा मला मावशी म्हणतो.